विमानात बसायची भीती वाटते?

घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना विमान नवीन नाही. पत्र्यावरून ते गडगडत जाते, बोलणारा माणूस क्षणभर थांबतो आणि तेच वाक्य पुढे चालू करतो. पण त्यात बसायची वेळ आली की गोष्ट वेगळी होते, आणि ती वेळ आता आपल्या घरांतही येऊ लागली आहे. कोणाची मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला गेली आहे, आणि पदवी घेताना आई-वडील समोर असावेत असा तिचा हट्ट आहे. कोणाचा मुलगा दुबईत आहे. विहारातल्या महिला मंडळाची बुद्धगयेची सहल विमानाने ठरते, कारण दीड दिवसाचा रेल्वेप्रवास गुडघ्यांना झेपत नाही. नागपूरच्या विमानतळाला तर बाबासाहेबांचेच नाव आहे. अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणते, "मी नाही येत, तुम्ही जा." कारण विचारले तर गुडघे, बीपी, घर कोण सांभाळणार, असे काहीही सांगितले जाते. खरे कारण भीती असते आणि ते बोलायची लाज वाटते.

ही लाज आधी सोडावी. विमानाची भीती शिकलेल्यांना, डॉक्टरांना, नेहमी फिरणाऱ्यांनाही वाटते. त्यात भित्रेपणा नाही आणि वेडही नाही. जमीन सुटणे, दार बंद होणे, आपल्या हातात काहीच नसणे, या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की शरीर धोक्याची घंटा वाजवते.

आपल्या लोकांच्या बाबतीत मात्र आणखी एक भीती त्यात मिसळलेली असते, आणि आमच्या मते तीच अनेकदा मोठी असते. ती आकाशाची नसते, माणसांची असते. काउंटरवर इंग्रजीत विचारले तर? पट्टा बांधता आला नाही तर? संडासाचे दार उघडले नाही आणि सगळे बघत राहिले तर? ज्यांच्या मागच्या पिढ्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्यांच्या मनात "इथे आपण चालतो का?" हा प्रश्न अजून दबा धरून बसलेला असतो. त्यावर उपाय साधा आहे: माहिती आधी घ्यावी. देशातल्या प्रवासासाठी दोन तास आणि परदेशच्या प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे. आजीच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता मोठ्या बॅगेत टाकावा, हातातल्या पिशवीत ठेवला तर तपासणीत काढून घेतील. उलट पॉवर बँक हातातल्या पिशवीतच लागते. चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. मराठीत किंवा हिंदीत विचारायला संकोच करू नये, तिकिटाचे पैसे आपणही मोजलेले आहेत. आणि विमानात शिरताना कर्मचाऱ्याला सरळ सांगावे, "मी पहिल्यांदा बसतोय, मला भीती वाटते." असे प्रवासी त्यांना रोज भेटतात. मधे एकदा येऊन ते विचारपूसही करतात.

आता विमानाकडे येऊ. भीती बहुतेक वेळा आवाजाने वाढते, म्हणून आवाज ओळखीचे करून घ्यावेत. धावपट्टीवर विमान अर्ध्या-पाऊण मिनिटात जोराने पळून वर उठते, पाठ खुर्चीला दाबली जाते. लगेच पायाखाली धाडकन आवाज होतो. ती चाके पोटात घेतल्याची खूण. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खड्डा पडतो. नवखा माणूस इथेच घाबरतो, त्याला वाटते इंजिन बंद पडले, आता खाली चाललो. प्रत्यक्षात विमान वर चढतच असते. चढायला सुरुवातीला लागणारा पूर्ण जोर आता लागत नाही, म्हणून तो कमी केलेला असतो, घाट चढून गेल्यावर ड्रायव्हर करतो तसा. मधून टिंग अशी घंटा वाजते, ती बहुधा कर्मचाऱ्यांना बोलावण्याची किंवा पट्ट्याच्या सूचनेची असते. उतरताना पंखांचे मागचे भाग घरघर करत बाहेर येतात, आणि जमिनीला टेकल्यावर इंजिने मोठ्याने गर्जतात. तो वेग कमी करायचा भाग आहे.

हेलकाव्यांचे म्हणाल तर हवासुद्धा सगळीकडे सारखी नसते. खराब रस्त्यावर एसटी जशी उडते, तसे विमान असमान हवेत हलते. पंखाचे टोक वर-खाली लवताना खिडकीतून दिसते. ते लवावे असेच बनवलेले असते, ताठ असते तर वाईट झाले असते. हेलकाव्यांत इजा होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्यांना, म्हणून दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा सैलसर बांधून ठेवावा. पंखाजवळच्या जागेवर हलणे कमी जाणवते, अगदी मागे जास्त. दोनपैकी एक इंजिन बंद पडले तरी विमान दुसऱ्यावर उडून उतरू शकते. दोन्ही बंद झाली तरी ते दगडासारखे पडत नाही, दहा किलोमीटर उंचीवरून शंभराहून अधिक किलोमीटर तरंगत जाऊ शकते.

"मग अहमदाबादला काय झाले?" असे कोणी विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. जून २०२५ मध्ये तिथे उड्डाण होताच विमान कोसळले आणि आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. अपघात होतच नाहीत असे आम्ही सांगणार नाही. पण जगात रोज एक लाखाच्या आसपास विमाने उडतात आणि उतरतात, त्यांची बातमी होत नाही. आपल्या देशात रस्त्यांवर दरवर्षी दीड लाखाहून जास्त माणसे मरतात, तरी आपण सकाळी बसला लोंबकळतोच. अर्थात आकडे डोक्याला कळतात आणि भीती पोटात असते. म्हणून शरीराला शिकवावे लागते.

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. बोधी मिळण्याआधी भगवान रानात एकटे राहत, तेव्हाचा अनुभव त्यांनी त्यात सांगितला आहे. मोर फांदी मोडे, वारा पाने हलवी, आणि भय येई. चालत असताना भय आले तर ते चालतच राहत, बसलेले असताना आले तर बसूनच राहत, भय ओसरेपर्यंत तीच स्थिती सोडत नसत. भीतीवर आज मानसोपचारात जे सांगतात, ते याच्या फार जवळचे आहे. भीतीपासून पळालो की त्या वेळी बरे वाटते, पण पुढच्या वेळी ती मोठी होऊन येते. जागेवर राहिलो तर ती चढते, शिखराला जाते आणि काही मिनिटांनी आपोआप उतरू लागते.

घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि त्यालाच हार्ट अटॅक समजून तो आणखी घाबरतो. अशा वेळी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा. मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. तळपाय जमिनीला टेकवून त्यांच्यावर लक्ष ठेवावे. आनापानाची सवय असणाऱ्यांना हे नवीन नाही. त्रिशरण म्हणावे का, असे उपासिका विचारतात. जरूर म्हणावे, सावकाश. विमान त्याने वर राहत नाही, ते पंखांनी राहते, पण संथ लयीत म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि मन एका जागी बसते. ताईत बांधणे, उतारा टाकणे मात्र आपल्या वाटेचे नाही, आणि त्याने श्वासही लांबत नाही.

सराव महिनाभर आधी सुरू करावा. रोज दहा मिनिटे श्वास. मग घरच्या मुलांकडून मोबाइलवर विमानाच्या आतले उड्डाणाचे चित्रण बघावे, भीती वाटली तरी शेवटपर्यंत. लिफ्ट टाळत असाल तर लिफ्टने जावे. जमल्यास कोणाला सोडायला विमानतळाच्या दारापर्यंत जाऊन यावे. पहिला प्रवास तास-दीड तासाचा असला तर उत्तम, उदाहरणार्थ मुंबई-नागपूर.

शेजारणीची झोपेची गोळी उसनी घेऊन बसू नये. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, आणि दारूबरोबर घेतली तर श्वासालाच धोका. गोळी हवीच असेल तर डॉक्टरांना विचारून, तीही आधी घरी घेऊन पाहिलेली. त्या दिवशी चहा-कॉफी कमी, दारू अजिबात नाही, पोट रिकामे नको. मधुमेहाची व बीपीची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आधीपासून हृदयाचा त्रास असलेल्याच्या छातीत दुखले तर "भीतीच असेल" म्हणून गप्प राहू नये, कर्मचाऱ्यांना ताबडतोब सांगावे. कानात दडे बसतात ते विशेषतः उतरताना. तेव्हा आवंढा गिळावा, गोळी चघळावी, तान्ह्याला अंगावर पाजावे. जोराची सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

भीती इतकी असेल की तिकिटाच्या नुसत्या विचाराने झोप उडते, तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. आणि जाताना विमानाने गेलात, कितीही घाबरत गेलात, तरी परतीचे तिकीट रद्द करून रेल्वेने येऊ नका. परतीचा प्रवास बहुधा जातानापेक्षा सोपा जातो, आणि तो टाळला तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.