पोकळीचा साचा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काकांचं ओतकामाच्या पॅटर्नचं दुकान आहे. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं सिलिंडर हेड मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि पाण्याच्या भोकाच्या कडेला नख लावलं. नखाबरोबर पांढरी भुकटी निघून आली.

"रेडिएटरमध्ये कायम नळाचं पाणी घातलेलं दिसतंय."

"हो. बाबा रोज सकाळी तांब्यानं घालायचे."

"तेच नडलं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातूंच्या मध्ये साधं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आता वेल्डिंगनंही भागणार नाही."

"भंगारबाजार पालथा घातला, काका. मिळाली ती सगळी अशीच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. आता नवीन भाग कोण बनवणार?"

"आपण ओतू की."

"मग हेच वाळूत दाबून साचा घेतला तर? हुबेहूब उठेल."

काकांनी ड्रॉवरमधून दोन स्टीलच्या पट्ट्या काढल्या आणि शून्याला शून्य जुळवून शेजारी ठेवल्या. सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाटत होत्या. बारा इंचांच्या खुणेवर आले, तर एक पट्टी दुसरीच्या जवळजवळ चार मिलिमीटर पुढं गेलेली.

"ही लांब पट्टी पॅटर्नवाल्याची. ॲल्युमिनियमचा रस थंड होताना शंभराला सव्वा-एक भाग आकसतो, बीड साधारण एक भाग. म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा. जुनंच हेड दाबलंस तर नवं आखूड येईल, एकही बोल्ट ब्लॉकवर बसणार नाही. शिवाय मशीनवर घासायला वर दोन-तीन मिलिमीटर माल हवा, तो या घासलेल्या हेडवर कुठून येणार?"

"म्हणजे बाहेरचा आकार मोठा करून लाकडात काढायचा. एवढंच ना?"

"बाहेरचा आकार कुणीही काढील गं. खरं काम आत आहे." काकांनी हेड उजेडाला धरलं. "या भोकातून आत बघ. पाणी कुठून कुठं जातं, सांगता येतंय?"

अंधारात काहीच कळेना.

"आत गुहा आहे. स्पार्क प्लगच्या भोवतीनं, व्हॉल्व्हच्या बाजूनं वळत गेलेली. ही गुहा नंतर कोरता येत नाही, ओतानाच ठेवावी लागते. त्यासाठी गुहेच्याच आकाराची वाळूची कोअर करायची. वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, कोअर बॉक्समध्ये ठासायचं आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. मिनिटभरात बिस्किटासारखी कडक होते. ती साच्यात बसवली की रस तिच्या भोवतीनं भरतो, आणि थंड झाल्यावर वाळू फोडून भोकातून बाहेर काढायची. वाळू होती तिथं पाणी खेळतं."

"पण ती आत अधांतरी राहणार कशी?"

"कोअरला पाय असतात, आम्ही प्रिंट म्हणतो. ते साच्याच्या खोबणीत बसतात. हेडला बाहेरून जी गोल झाकणं ठोकलेली दिसतात, त्यातली काही त्या पायांचीच भोकं. प्रिंट सैल झाला आणि कोअर दोन मिलिमीटर सरकली, तर एका बाजूची भिंत तेवढी पातळ होते. बाहेरून हेड अगदी देखणं दिसतं, आणि घाटात इंजिन तापलं की तिथंच तडकतं."

कोअरचं बोलताना त्यांचा हात हवेत वळणं घेत होता. बाकीचं त्यांनी भराभरा सांगितलं. रस साधारण सातशे अंशांवर ओततात. जाड भाग शेवटी गोठतो आणि गोठताना रस मागतो, म्हणून त्याच्या डोक्यावर रायझर ठेवायचा, ती त्याची शिदोरी. फक्त पावसाळ्याच्या गोष्टीवर ते थांबले.

"जून ते सप्टेंबर मला धास्ती असते. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन पिऊन घेतं आणि गोठताना सोडतं, मग आत सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. ओतण्याआधी रसात नायट्रोजन सोडून हा हायड्रोजन घालवायचा. आणि तयार हेडची भोकं बंद करून, आत हवा भरून पाण्यात बुडवल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात देत नाही. एक बुडबुडा दिसला तरी हेड परत भट्टीत."

"मग कधी सुरू करायचं?"

काका जरा गप्प राहिले. "आतली वळणं मला माहीत नाहीत, पोरी. हे हेड करवतीनं कापावं लागेल. तीन ठिकाणी."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. गाडीतली त्यांच्या हातची वस्तू कापायची म्हटल्यावर माझा हात नकळत हेडवर गेला.

"घाई नाही," काका म्हणाले. "पण अंदाजानं केलेली कोअर तुझ्या बाबांच्या गाडीत मी घालणार नाही."

"कापा," मी म्हटलं.

बँडसॉ दहा-बारा मिनिटं चालला. हेडचा काप त्यांनी माझ्यासमोर ठेवला. गुहा उघडी पडली होती, पाण्यानं तपकिरी झालेली. तिच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात काहीतरी खरखरीत हाताला लागलं. धातूला घट्ट चिकटलेले चार-सहा काळपट दाणे होते.

"गंज आहे का?"

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "ॲल्युमिनियमला कुठला असा गंज? वाळू आहे ती. ज्यानं कुणी हे हेड ओतलं, त्याच्या कोअरची. कोपऱ्यात हत्यार पोचलं नसेल, राहून गेली." त्यांनी बोटानं ते दाणे चाचपले, पण काढले नाहीत. मग कॅलिपरचा जबडा शेजारच्या भिंतीला लावला.

"वही घे. मी आकडे सांगतो, तू लिही."