पुढून चढणारा गळा, मागून सुटणारा गळा

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंचं जुनं घरगुती विणकाम मशीन आहे, सिंगल बेडचं. त्यावर मी आसपासच्या मुलांचे स्वेटर विणून देते. गेल्या थंडीत पुण्याहून एक बिनशिवणीचा स्वेटर आणला. कुठे जोड नाही, बाह्याही अंगातूनच निघालेल्या. बाकी सुरेख बसतो, पण गळा पुढून नरड्याला लागतो आणि मागे मानेपासून सुटून राहतो. असं का व्हावं? अखंड विणताना मशीन गळा घडवतं तरी कसं? आणि आमच्या मशीनवर असा नीट बसणारा गळा जमेल का?
– एक वाचक भगिनी, पवनानगर, ता. मावळ

उत्तर : ताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की स्वेटर न बघताही दोष सांगता येतो. त्या स्वेटरची पुढची आणि मागची बाजू जवळपास एकाच उंचीची विणलेली आहे.

मान खाली घालून मानेच्या मुळाशी हात लावा. एक टोकदार हाड लागेल. आता पुढे, गळ्याच्या खळगीत बोट ठेवा आणि आरशात बाजूने पाहा. खळगी हाडापेक्षा बरीच खाली असते, कारण मान खांद्यांतून सरळ वर निघत नाही, पुढे झुकून निघते. शिवणकाम करणाऱ्यांना हे सांगायला नको. मागचा गळा आणि पुढचा गळा ते वेगळेच बेततात. बंद गोल गळ्याच्या स्वेटरला खांद्याच्या मानेकडच्या टोकापासून मागे साधारण २ सेंटीमीटर आणि पुढे ७-८ सेंटीमीटर उतार लागतो. पण कापड कात्रीने कापता येतं, विणकामात ही खोली ओळींच्या हिशेबातूनच काढायची असते. मागे ओळी जास्त, पुढे कमी. तो फरक ठेवला नाही की पुढची कड नरड्यावर चढते, तिथे अडते आणि अख्खा स्वेटर मागे ढकलला जातो. मग मागचा गळा सुटणारच.

याला एक जुना तोडगा आहे. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरचे कोळी जो स्वेटर घालत, त्याची पुढची-मागची बाजू एकसारखी असे, म्हणजे कोपर झिजलं की उलटा फिरवून घालता येई. त्यांनी गळ्याच्या दोन्ही बाजूंना खांद्यावर छोट्या त्रिकोणी कळ्या विणल्या, झबल्याच्या काखेत घालतो तशा. गळा दोन्हीकडून थोडा उचलला गेला आणि मान सुटी झाली. आपल्या मावळात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेण्याची रीत होती, तिला गळाच नाही, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही. मापाचा गळा हवा असेल तर मात्र हिशेब चुकत नाही.

आता मशीनकडे येऊ. अखंड स्वेटर विणणाऱ्या मशीनला सुयांचे दोन बेड असतात, घराच्या दोन पाख्यांसारखे एकमेकांकडे कललेले. पुढच्या बेडवर पुढची बाजू विणली जाते, मागच्यावर मागची. धागा पुढून जातो, मागून परततो आणि त्यातून नळी तयार होते. अशा तीन नळ्या एकाच वेळी वर चढतात, एक अंगाची आणि दोन बाह्यांच्या. काखेपाशी तिन्ही एकत्र येतात आणि तिथून खांद्याकडे टाके कमी होत जातात.

हे तंत्र हातमोज्यातून आलं आहे. जपानच्या वाकायामा शहरातली शिमा सेइकी ही कंपनी १९६२ साली सुरू झाली आणि आधी तिने हातमोजे विणणारी मशीनं केली. पुढे १९९५ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात तिने अख्खा स्वेटर एका दमात विणणारं मशीन मांडलं. हातमोजा उलटा धरा. मनगट म्हणजे उंच गळा, दोन कडेची बोटं म्हणजे बाह्या आणि मधली बोटं एक केली की अंग. या कल्पनेचं वर्णन असंच केलं जातं आणि मला ते फार आवडतं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. हातमोज्याच्या मनगटाला पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी नसते. म्हणून सरळ नळीचा हायनेक हे मशीन सहज विणतं. साध्या गोल गळ्यापाशी मात्र त्याची खरी परीक्षा होते.

गोल गळ्यासाठी पुढच्या बेडवरच्या मधल्या सुया थांबवाव्या लागतात. त्या थांबल्या की नळी तुटली. धागा आता गोल फिरू शकत नाही. तो पुढच्या एका कडेवरून निघतो, पाठीवरून वळसा घेतो, पुढच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचतो आणि त्याच वाटेने परततो. इंग्रजी सी अक्षरासारखी त्याची वाट होते. इकडे थांबलेले टाके सुईवर तसेच ताटकळत असतात आणि खालून कापड ओढणारे रूळ त्यांनाही ओढत राहतात. टाके लांबतात, कधी तुटतात. चांगल्या मशीनवर पुढच्या आणि मागच्या कापडाची ओढ वेगवेगळी ठेवता येते, आणि प्रोग्राम लिहिणारा कसबी असेल तर गळ्याच्या तीस-बत्तीस ओळी निभावून नेतो. घाईच्या मालात गळा उथळ ठेवून ही कटकट टाळण्याचा मोह होतो.

गळ्याच्या पट्टीची रिब हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. सुलट-उलट टाके आलटून-पालटून हवे असतील तर टाका समोरच्या बेडवर द्यावा लागतो आणि तिथे सुई रिकामी हवी. म्हणून दोन बेडच्या मशीनवर असा स्वेटर एकाआड एक सुई सोडून विणतात. चार बेडचं मशीन ही अडचण दूर करतं, पण ते महाग. शेवटी टाके बंद करणं. प्रत्येक टाका उचलून शेजारच्या सुईवर ठेवायचा, विणायचा, पुन्हा उचलायचा. सगळ्या स्वेटरमधलं सर्वांत सावकाश चालणारं काम हेच, आणि इथे धागा आखडला की कितीही सुंदर गळा डोक्यातून जात नाही.

हे आकड्यांत बघू. मोठ्या माणसाच्या गळ्याची कड, पट्टी उचलतो तिथे, समजा ४६ सेंटीमीटर आहे. पट्टी अडीच सेंटीमीटर रुंद. कागदावर सपाट वर्तुळ काढलं तर पट्टीची आतली कड जवळजवळ १६ सेंटीमीटरने लहान भरेल. अंगावर गळा सपाट नसतो, मानेकडे चढत जातो, त्यामुळे एवढा फरक लागत नाही. साधारण ७-८ सेंटीमीटर धरा. म्हणजे आतली कड ३८-३९ वर विसावायला हवी आणि डोकं तर ५६ च्या आसपास. तीच कड दीडपट ताणली गेली पाहिजे आणि परत मूळ मापावर आली पाहिजे. लहान मुलांचं हे गणित आणखी अवघड, कारण त्यांची मान बारीक आणि डोकं त्या मानाने मोठं असतं. मशीनच्या स्वेटरमध्ये पट्टी आत वळत जाते तसतशी टाक्याची लांबी ओळीओळीने कमी करतात, म्हणजे टाक्यांची संख्या तीच राहूनही कड आखडते. घरी हेच काम टेन्शन डायल करतो : पट्टी ६ वर सुरू केली असेल तर शेवटच्या ओळी ५ वर विणायच्या.

आता तुमचं मशीन. एका बेडवर नळी विणली जात नाही, हे आधी सांगून टाकतो. रिबर, म्हणजे वेगळा दुसरा बेड, जोडला तर साधी नळी जमते, पण रिबरच्या सुया हव्या तशा थांबवता येत नाहीत आणि गळ्यापाशी अडायला होतं. पाठ आणि पुढा वेगळे विणा. बाजू जोडा, बिघडत काही नाही. गळा मात्र कारखान्याच्या मालाहून सरस करता येईल.

समजा दहा सेंटीमीटरात २८ टाके आणि ४० ओळी बसतात. गळ्याची रुंदी १७ सेंटीमीटर, म्हणजे ४८ टाके. पुढच्या गळ्याची खोली ८ सेंटीमीटर, म्हणजे ३२ ओळी. मधले १८ टाके होल्डवर घ्या, म्हणजे न विणता सुईवर थांबवा. दोन्ही बाजूंना १५-१५ राहतील. एक बाजू पूर्ण करायची, मग दुसरी. दर दुसऱ्या ओळीला गळ्याकडचे आधी ३, मग तीन वेळा २-२, मग सहा वेळा एकेक टाका होल्डवर. त्यात २० ओळी जातील, उरलेल्या १२ सरळ विणा. टाका होल्डवर घेताना धागा त्या सुईखालून घेऊन वळवा, नाहीतर पायरीपायरीला भोक पडतं. पाठीला हाच प्रकार शेवटच्या ८ ओळींत उरकायचा. खांद्याचा उतारही याच पद्धतीने, साधारण १२ ओळींत. आणि खांदे टाके बंद न करता टाक्याला टाका जोडून मिळवा, म्हणजे तिथे कड टोचत नाही.

यात एक गोम आहे, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. होल्डवरचे टाके जिवंत असतात, म्हणून पट्टीसाठी तेवढेच घ्यावेत असं वाटतं. पण जिथे दोन ओळींमागे एकच टाका थांबवला, तिथे गळ्याची कड तिरकी आणि लांब झालेली असते. एका पायरीची लांबी जवळजवळ पावणेदोन टाक्यांएवढी भरते. तिथे जिवंत सहा टाक्यांबरोबर मधल्या धाग्यांतून आणखी चार उचला. सरळ उभ्या कडेला दहा ओळींमागे सात टाके पुरतात. या गळ्याला एकूण सव्वाशेच्या थोडे वर टाके होतील.

पट्टी हाताने विणा, असा माझा आग्रह आहे. गळा हे एक वर्तुळ आहे आणि सिंगल बेडवर ते उलगडूनच लावावं लागतं, म्हणजे पुन्हा जोड आला. गोल सुईवर एक सुलट एक उलट अशा दहा-बारा फेऱ्या, तासा-दोन तासांचं काम. बंद करताना सुई दोन नंबर जाड घ्या : १० नंबरवर विणलं असेल तर ८ नंबरने. पट्टी दुप्पट रुंद विणून आत दुमडली आणि जिवंत टाके आतून सैलसर टाचले तर बंद करण्याची कडच उरत नाही. मुलांच्या स्वेटरला हीच रीत सर्वांत चांगली. अगदी तान्ह्यांना डाव्या खांद्यावर दोन बटणं द्या.

कॅशमिलॉन वापरत असाल तर गळ्यावर गरम इस्त्री अजिबात फिरवू नका. रिब एकदा चपटी झाली की ती परत आखडत नाही. लोकर निदान धुतल्यावर सावरते. आणि पवना धरणाच्या काठी पावसाळी हवेत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत हे खरं असलं, तरी ओला स्वेटर दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने गळा ओघळतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि बाजेवर आडवा पसरा.

आणलेला स्वेटरही दुरुस्त होईल. तो घेरापासून वर विणलेला असेल तर गळ्याची पट्टी सर्वांत शेवटी झालेली असते, त्यामुळे ती टोकापासून उसवते. पट्टी सोडवा, टाके गोल सुईवर घ्या. मागच्या गळ्यावर अर्ध्या ओळी विणा : आधी मागचे मधले टाके, मग दर फेरीला दोन्हीकडे चार-पाच टाके पुढे, असं करत खांद्यांच्या थोडं पुढे जा. सहा-आठ ओळींत मागची बाजू दीड-दोन सेंटीमीटर उचलली जाते, तेवढाच पुढचा गळा खाली उतरतो. मग सोडवलेल्याच धाग्याने पट्टी पुन्हा विणा. धागा वळणावळणाचा झाला असेल तर लड करून ओलसर करा, वाळवा आणि मग घ्या.

प्रश्न : शर्टासारखी पडती कॉलर विणली की ती मागे उभीच राहते. आणि शाळेच्या स्वेटरच्या व्ही गळ्याला टोकाशी फुगा येतो. काय करावं?

उत्तर : पडत्या कॉलरची बाहेरची कड गळ्याच्या कडेपेक्षा लांब हवी, कारण ती खांद्यांवर पसरते. सरळ पट्टी विणली की बाहेरची कड आखडते आणि कॉलर वर उचलली जाते. इथे डायल उलट फिरवा : गळ्याशी घट्ट, मग दर दोन-अडीच सेंटीमीटरला एक आकडा सैल. सात सेंटीमीटरची कॉलर असेल तर खांद्यांच्या वर, दोन्हीकडे, चार-पाच टाके वाढवा. मागच्या मध्यावर वाढवू नका, तिथे झोळ पडतो. टाके आतल्या बाजूने उचला, म्हणजे उलटल्यावर सुलट बाजू वर येते.

व्ही गळ्याच्या टोकाशी मधला टाका खूण म्हणून धरतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करतात. बहुतेक जणी हे एक ओळ सोडून करतात. उथळ गळ्याला ते चालतं. शाळेचा स्वेटर शर्ट-टायवर घालायचा म्हणून त्याचा व्ही खोल आणि अरुंद असतो, तिथे दर ओळीला तीन टाक्यांचा एक करावा लागतो. मधला टाका नेहमी वर दिसेल असा ठेवा, म्हणजे टोक रेघेसारखं सरळ येतं. तरीही फुगा राहिला तर पट्टीची रुंदी दोन ओळींनी कमी करून पाहा.