उद्योग शिकूया: लाकूड तडकू नये म्हणून



कोकणातले आपले काही गट पाट, चौरंग, पोळपाट, सावंतवाडी पद्धतीची लाकडी खेळणी असं काम करतात. जुलैमध्ये बनवलेला पाट इथे असतो तोवर झकास दिसतो. तोच नागपूरला गेला की उन्हाळ्यात मधोमध चीर पडते आणि फोन येतो, "ताई, माल खराब निघाला." समजा 600 रुपयांचा पाट परत आला. लाकूड, मजुरी, पाठवणीचा खर्च सगळा गटाच्या अंगावर पडतो, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी आपण सुताराला किंवा एकमेकींना दोष देतो. पण पुष्कळदा खरं कारण असतं लाकडातला ओलावा.

लाकूड का तडकतं?

लाकूड वाळलं तरी हवेतला दमटपणा शोषतं आणि परत सोडतं. हवा जशी, तसा त्यातला ओलावा. आपल्या तापमानाला साधारण हिशोब असा:

- हवेची आर्द्रता 30 टक्के: लाकडात ओलावा 6 टक्के
- आर्द्रता 50 टक्के: ओलावा 9 टक्के
- आर्द्रता 65 टक्के: ओलावा 12 टक्के
- आर्द्रता 80 टक्के: ओलावा 16 टक्के

कोकणात भर पावसात आर्द्रता 85 च्याही वर जाते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती 25 च्या खाली उतरते. म्हणजे आपला पाट तिथे जाऊन वाळतो आणि आकसतो. लांबीत लाकूड जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीत. 25 सेंटिमीटर रुंद फळीतला ओलावा 16 वरून 8 टक्क्यांवर आला, तर ती जातीप्रमाणे 2 ते 5 मिलिमीटर अरुंद होते.

आता पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या आठवा. त्या आपल्या लांबीत आकसत नाहीत. फळीला आकसायचंय, पट्ट्या तिला धरून ठेवतात. मग फळी फाटते.

गिटारवाल्यांकडून काय शिकायचं?

गिटारची वरची फळी जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची असते आणि तिला आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. म्हणजे आपल्या पाटाचीच रचना, फक्त फार नाजूक. म्हणून चांगले गिटार बनवणारे कार्यशाळेची आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर धरतात आणि त्याच हवेत लाकूड मुरवून मगच चिकटकाम करतात. त्यांचा हिशोब सोपा आहे. कोरड्या हवेत जोडलेलं लाकूड पुढे दमट जागी गेलं तर थोडं फुगेल, पण दमट हवेत जोडलेलं कोरड्या जागी गेलं तर फाटेल. आपणही हेच धरायचं.

आपल्या शेडमध्ये काय करायचं?

1. हवा मोजा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, हायग्रोमीटर, काहीशे रुपयांत मिळतं. ते बरोबर दाखवतं का, हे घरीच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने चिखलासारखं ओलं करा. झाकण आणि यंत्र हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. यंत्राने 75 दाखवायला हवं. 80 दाखवलं, तर त्या यंत्राच्या आकड्यातून 5 वजा करत चला.

2. फळ्या नीट रचा. जमिनीपासून उंचावर, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत आणि वारा खेळेल अशा. उन्हात टाकू नका. टोकांकडून ओलावा झपाट्याने जातो आणि तिथेच पहिली चीर पडते, म्हणून टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा.

3. वजन लिहा. एका फळीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन वहीत टिपा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे ती फळी त्या हवेशी जुळली. पण लक्षात ठेवा, जुलैच्या हवेशी जुळलेली फळी वाळलेली नसते. तिच्यात 16 टक्क्यांच्या वरच ओलावा असतो.

4. गरम कपाट करा. हवा गरम झाली की तिची आर्द्रता उतरते. 27 अंशांची 85 टक्के दमट हवा 33 अंशांवर नेली, तर आर्द्रता साधारण 60 वर येते. जुन्या कपाटात खाली तारेचा जुना बल्ब लावा (एलईडीला पुरेशी ऊब नसते) आणि ओली हवा जायला खाली-वर भोकं ठेवा. बल्बभोवती जाळी हवीच, लाकूड हातभर लांब. थिनर, रंग, भुसा कपाटात किंवा जवळ अजिबात नको. रात्री कोणी नसताना बल्ब बंद.

5. कामाचं वेळापत्रक बदला. चिकटवणं, जोडणं हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या वाळक्या मालाची घासणी आणि रंगकाम करा. तयार माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

6. लाकडाला हलायला जागा द्या. पाटाच्या पट्टीला पूर्ण लांबीभर डिंक लावू नका. मधला स्क्रू घट्ट, आणि टोकाच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोक, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. मग फळी आकसली तरी सरकते, फाटत नाही. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखं लावा, नाहीतर फळी वाकते. पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही.

खेळणी आणि फळं करणाऱ्या ताईंनी झाडाचा मधला गाभा असलेला तुकडा टाळायचा, तो हमखास फुटतो. लेथवर आधी थोडं जाड कातून ठेवा, वाळू द्या, मग शेवटचा हात फिरवा.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

तीन गोष्टी घेऊन या: आठवडाभर सकाळ-दुपारी टिपलेली शेडची आर्द्रता, एका फळीच्या वजनाची नोंद, आणि गेल्या वर्षभरात तडकून परत आलेल्या मालाची यादी. त्यात वस्तू कोणत्या महिन्यात जोडली आणि कुठल्या गावी गेली, हेही लिहा. यादी समोर ठेवली की नुकसान कुठे होतंय हे आपलं आपल्यालाच दिसेल. आणि मोठी ऑर्डर घेताना भावाच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: माल कुठल्या गावी जाणार आहे?

— तुमची क्षेत्र समन्वयक