न्यूनतम दर, किफायतशीर काम?

भाड्याने दिलेल्या घरातील वातानुकूलन यंत्रे उन्हाळ्याच्या तोंडावर निकामी झाली, की घरमालकाची कोंडी होते. भाडेकरूची गैरसोय लांबविता येत नाही आणि घाईच्या निर्णयात काही महिन्यांचे भाडे खर्ची पडते. निवृत्तिवेतनास भाड्याची जोड असलेल्या कुटुंबास ही रक्कम लहान नसते. अशा वेळी तीन दरपत्रके मागविली जातात आणि बहुधा सर्वांत कमी आकडा स्वीकारला जातो. परंतु दरपत्रकाच्या तळाशी लिहिलेली रक्कम म्हणजे कामाचा प्रत्यक्ष खर्च नव्हे.

आधी मागणी, मग दर

दिल्लीतील तीन खोल्यांच्या सदनिकेचे उदाहरण पाहावे. तेथील कडक उन्हाळा व बोचरी थंडी लक्षात घेता थंड आणि उष्ण अशी दोन्ही प्रकारची हवा देणारी यंत्रे सोयीची ठरतात. साध्या विद्युत हीटरमधून एका युनिट विजेमागे एका युनिटइतकीच उष्णता मिळते. ही यंत्रे मात्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणत असल्याने तेवढ्याच विजेत अधिक ऊब देतात. यंत्राची टन क्षमता, तारांकन, तांब्याच्या नळीची लांबी, स्टँड व वायरिंग यांचा तपशील एका कागदावर लिहून तोच तिन्ही कंत्राटदारांना द्यावा.

तुलनात्मक तक्ता

कार्यालयीन खरेदीत तुलनात्मक तक्ता करण्याची पद्धत घरगुती कामातही उपयोगी पडते. समजा, दीड टनाच्या एकाच प्रतीच्या तीन यंत्रांसाठी पुढील दर आले :

पहिला : 1,20,000 रुपये, जीएसटी वेगळा
दुसरा : 1,38,000 रुपये, जीएसटीसह
तिसरा : 1,52,000 रुपये, सर्व कामांसह

वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्के झाला. त्यानुसार पहिल्या दरात 21,600 रुपयांची भर पडते. पहिल्या दोघांनी प्रत्येक यंत्रास 3 मीटर नळी गृहीत धरली आहे. गरज मात्र 7 मीटरची आहे. जादा 12 मीटर नळीचे 900 रुपये दराने 10,800, स्टँडचे 3,600 आणि जुनी यंत्रे काढण्याचे 3,000 रुपये मिळविल्यास पहिला खर्च 1,59,000 व दुसरा 1,55,400 रुपये होतो. सर्वांत महाग वाटलेला तिसरा दर प्रत्यक्षात सर्वांत कमी ठरतो.

वीज बिल कोणाचे?

यंत्राची किंमत मालक देतो, वीज बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे अधिक तारांकित यंत्राकडे मालकाचे दुर्लक्ष होते. यंत्रावरील लेबलात वार्षिक वीजवापर 1,600 तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. दोन प्रतींत दर यंत्रामागे 200 युनिटांचा फरक असेल, तर 7 रुपये दराने तीन यंत्रांवर वर्षाला 4,200 रुपये वाचतात. ही बचत दाखवून दरमहा 300 रुपये भाडेवाढ ठरविल्यास भाडेकरूचेही नुकसान होत नाही आणि मालकाचा वाढीव खर्च हळूहळू वसूल होतो. तशी नोंद भाडेकरारात अवश्य करावी.

करार व कर

कॉम्प्रेसरची हमी व संपूर्ण यंत्राची हमी यांची मुदत बहुधा वेगवेगळी असते. बसविण्याच्या कामाची हमी निराळी लिहून घ्यावी. बिल मालकाच्या नावे व यंत्रांच्या अनुक्रमांकांसह असावे. काही रक्कम चाचणी होईपर्यंत राखून ठेवणे श्रेयस्कर. भारमंजुरी पुरेशी आहे काय, हेही आधी तपासावे.

प्राप्तिकराच्या दृष्टीने घरभाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून 30 टक्के ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च त्याहून अधिक झाला, तरी त्याची वेगळी वजावट मिळत नाही. म्हणजेच दरपत्रक वाचताना झालेली चूक करातून भरून निघत नाही. स्वाक्षरीपूर्वी तक्त्यासाठी दिलेला अर्धा तास म्हणूनच मोलाचा ठरतो.