सहा व्होल्टची मोटारसायकल : विजेचे दोष आणि सुटे भाग

म्हैसूर येथील आयडियल जावा या कारखान्यातून 1961 साली पहिल्या जावा मोटारसायकली बाहेर पडल्या. त्यांचा मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातील होता. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झालेले आहे. 1973 पासून म्हैसूरच्या गाड्या 'येझ्दी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. पुढे 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझ्दी ही नावे बाजारात परतली खरी, परंतु त्या सर्वस्वी नव्या गाड्या होत. त्यांचे भाग जुन्या गाड्यांना बसत नाहीत. तेव्हा ज्याच्या घरी 1960 किंवा 1970 च्या दशकातील गाडी उभी आहे, त्याने काढून टाकलेला प्रत्येक मूळ भाग हा पुन्हा न मिळण्याचा संभव असलेला भाग आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

नेमके हेच विजेच्या दुरुस्तीत विसरले जाते. दिवा मंद झाला की डायनॅमो बदलावयाचा, ठिणगी क्षीण झाली की कॉइल बदलावयाची, आणि तरीही दोष राहिला तर सगळ्या तारा उपटून काढावयाच्या, असा प्रघात पडला आहे. यात निरोगी भाग भंगारात जातात आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे येतात. वास्तविक अशा गाडीतील बहुसंख्य दोष भागांत नसून त्या भागांना जोडणाऱ्या सांध्यांत असतात. याचे कारण सहा व्होल्ट या आकड्यात दडलेले आहे.

समजा, पुढचा दिवा 35 वॅटचा आहे. 12 व्होल्टच्या गाडीत त्याला सुमारे 3 अँपिअर प्रवाह पुरतो. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच प्रकाशासाठी सुमारे 6 अँपिअर लागतो. आता वाटेतील एखादा जोड गंजून तेथे 0.2 ओहमचा रोध निर्माण झाला, असे मानू. 12 व्होल्टच्या गाडीत त्या जोडावर अर्धा व्होल्ट खर्च होईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. 6 व्होल्टच्या गाडीत मात्र तेथे जवळजवळ एक व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा सहावा हिस्सा नाहीसा होतो. एवढ्यावरही भागत नाही. तापलेल्या तंतूचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळच वेगाने घटतो. दाब सहाव्या हिश्श्याने उतरला की प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. अंधाऱ्या रस्त्यावर समोरची बैलगाडी वेळेवर दिसणे किंवा न दिसणे हे अशा वेळी एका गंजलेल्या स्क्रूवर अवलंबून असते.

सर्वांत दुर्लक्षित सांधा परतीच्या वाटेचा असतो. मोटारसायकलीत विजेला जाण्यासाठी तार असते, परंतु परतण्यासाठी बहुधा गाडीचा सांगाडाच वापरलेला असतो. यालाच कारागीर अर्थिंग म्हणतात. गाडी नव्याने रंगवून आणली आणि आदल्या दिवसापर्यंत चालणारे दिवे बंद पडले, ही तक्रार नेहमीची आहे. रंगारी निर्दोष असतो. त्याने इतका चांगला थर चढविलेला असतो की सांगाडा, इंजिन आणि दिव्याची कढई यांचा एकमेकांशी धातूने धातूला स्पर्शच उरत नाही. जेथे बॅटरीची अर्थिंगची तार बसते तेवढी जागा खरवडून चकचकीत करावी, तार घट्ट आवळावी आणि वर थोडे ग्रीस लावावे. इंजिनपासून बॅटरीच्या त्याच टोकापर्यंत एक जाड तार स्वतंत्रपणे टाकली तर आणखी उत्तम. तिच्यावर खर्च होणारे चार पैसे कधीही वाया जात नाहीत.

दोष शोधण्याची साधने दोनच : एक साधा मीटर आणि दोन तारा जोडलेला 6 व्होल्टचा लहान बल्ब. प्रथम बॅटरी पाहावी. तिच्यात तीन कोष असतात. पूर्ण भारित आणि काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब 6.3 व्होल्टच्या आसपास भरतो. तो 6 व्होल्टच्याही खाली गेला असेल तर ती रिकामी झाली असे समजून आधी भारित करावी. बॅटरीच अशक्त असताना पुढच्या चाचण्यांना काही अर्थ नाही, कारण या गाडीत ठिणगीसाठीदेखील बॅटरीचीच वीज लागते.

यानंतरची पायरी महत्त्वाची आहे आणि तीच सहसा गाळली जाते. तारेत वीज आहे की नाही, एवढेच पाहून कारागीर थांबतो. परंतु दिवा बंद असताना गंजलेल्या जोडापलीकडेही मीटर पूर्ण 6 व्होल्ट दाखवितो. प्रवाहच नसल्यामुळे तेथे दाब खर्चच होत नाही. म्हणून दिवा लावूनच मोजणी करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला आणि दुसरे दिव्याच्या कढईच्या उघड्या धातूला लावावे. वाचन शून्याच्या जवळ असावयास हवे. ते 0.2 व्होल्टच्या वर गेले, तर परतीच्या वाटेत दोष आहे. मग दुसरे टोक एकेक सांधा ओलांडून बॅटरीकडे आणीत जावे; ज्या सांध्यावर वाचन एकदम उतरते, तो अपराधी. जाणाऱ्या वाटेचीही अशीच परीक्षा करावी : बॅटरीचे दुसरे टोक, फ्यूज, किल्लीचा स्विच, दिव्याचा स्विच आणि शेवटी बल्बची बैठक. हँडल वळताना ज्या ठिकाणी तारांची जुडी दुमडली जाते, तेथे विशेष लक्ष द्यावे. वरचे आवरण शाबूत असूनही आतील तांब्याचे धागे तुटलेले किंवा काळे पडलेले असतात. फ्यूज वारंवार जात असेल तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याचा मोह टाळावा. फ्यूज वाचला तरी तारांची जुडी जळेल, आणि तशी जुडी आज सहजासहजी मिळत नाही.

बॅटरी भारित होत नसेल तर डायनॅमोला दोष देण्यापूर्वी लाल दिव्याची भाषा समजून घ्यावी. किल्ली फिरविल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिनाने वेग घेताच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागलाच नाही, तर त्याचा बल्ब गेला असेल किंवा डायनॅमोचे कार्बन ब्रश आर्मेचरला टेकत नसतील. वेग वाढवूनही विझला नाही, तर डायनॅमो वीज निर्माण करीत नाही; आणि लुकलुकत राहिला, तर ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचे कडे मळलेले असण्याचा संभव मोठा. उजव्या बाजूचे झाकण काढून हे कडे पेट्रोलमध्ये भिजविलेल्या फडक्याने पुसावे आणि वाफ पूर्ण उडून गेल्यावाचून इंजिन सुरू करू नये. किती 'जळालेले' डायनॅमो एवढ्या उपायाने जिवंत झाले असतील, याची गणती करणे कठीण!

ठिणगीच्या बाबतीत संशय बहुधा कॉइलवर घेतला जातो आणि गुन्हा पॉइंट किंवा कंडेन्सरचा असतो. पॉइंटची फट सुमारे 0.4 मिलिमीटर असावी. ती ढकलणारी टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते; गाडी तापते, ओढत नाही. पॉइंट बारीक कानशीने साफ करावेत. पॉलिश कागदाचे कण धातूत रुततात, म्हणून तो वापरू नये. पॉइंटमध्येच मोठ्या निळसर ठिणग्या उडत असतील आणि ते लवकर काळे पडत असतील, तर कंडेन्सर बदलावा.

आता सुट्या भागांविषयी. दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, बंगळूरचा जे. सी. रोड, पुण्यातील नाना पेठ अशा ठिकाणी शोध घेणारे अजूनही रिकाम्या हाताने परतत नाहीत. जुना भाग खिशात घेऊनच जावे. नाव सांगून मागितल्यास मिळते ते 'चालून जाईल' या वर्गातील असते. ज्या मालाचा उगम विक्रेता सांगू शकत नाही, तो स्वस्त असला तरी घेऊ नये. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या वाहनांच्या भागांसाठी कुप्रसिद्ध होता आणि 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद केला. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचे अनेक भाग आजही नव्याने तयार होतात. ते म्हैसूरच्या आरंभीच्या गाड्यांना पुष्कळदा जुळतात, मात्र नंतरच्या येझ्दीसाठी मापे ताडून पाहिल्यावाचून मागवू नयेत.

मूळ वेष्टनातील, न वापरलेला जुना भाग दिसला की हौशी माणूस हरखून जातो. येथे थोडा विवेक हवा. पॉइंट, कार्बन ब्रश, स्विचचे पितळी भाग, दिव्याची काच या वस्तू चाळीस वर्षे कपाटात राहिल्या तरी फारशा बिघडत नाहीत. जुन्या कंडेन्सरमधील कागदाचा थर मात्र हवेतील दमट शोषून घेतो, रबर कडक होते, तारेचे आवरण तडकते. असा कंडेन्सर डब्यातून निघतानाच निकामी असू शकतो. त्यापेक्षा सुमारे 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरडचा, दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा नवा कंडेन्सर बाहेरच्या बाजूला पक्का बसवावा. मूळ बैठक तशीच राहू द्यावी.

12 व्होल्टचे रूपांतर करून घेण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्यात बॅटरी, कॉइल, भोंगा आणि सगळे बल्ब बदलावे लागतात. प्रकाश वाढतो यात शंका नाही. परंतु गंजलेल्या सांध्यांवरच हे रूपांतर केले तर दोष झाकला जातो, जात नाही. सांधे साफ केल्यावरही ज्याचे समाधान होत नाही, त्याने मग तो विचार करावा.

डायनॅमोचे आर्मेचर खरोखरच जळालेले निघाले, तरी ते फेकू नये. पाण्याच्या पंपाच्या मोटारी गुंडाळणारे कारागीर बहुतेक प्रत्येक शहरात असतात आणि त्यांतील काहींना हे काम येते. जुनी तार सोडविताना वेढे मोजावयास आणि तारेची जाडी मापावयास त्यांना आवर्जून सांगावे, आणि ते आकडे आपणही वहीत उतरवून घ्यावेत. पुढच्या वेळी तो कारागीर दुकानात असेलच असे नाही.