स्वस्तातला वायफाय राऊटर : तक्रारी व कारणे



घरी स्वस्तातला राऊटर बसवलेल्यांची ठरलेली तक्रार असते : "माजघरात चालतं, गोठ्यात पोचत नाही." दुसरी तक्रार वेगाची. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा राऊटर पाहा. खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेले, पण वायर जोडायची जागा १०० चीच. पाट कितीही रुंद केला तरी दारे अरुंद असेल, तर पाणी तेवढेच निघणार! अशा राऊटरवर २०० चा प्लॅन घेणे म्हणजे दरमहा पैसे वाया.

आता गोठ्याचे. लोखंडी पत्रा लहरी परतवतो, जाड दगडी भिंत शोषून घेते. त्यात पुष्कळांकडे राऊटर लोखंडी कपाटामागे दडवलेला. तो घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवून पाहावा. मगच दुकानदाराशी भांडावे. हा राऊटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, शेजाऱ्यांचेही बहुधा त्याच पट्ट्यात. गर्दी वाटल्यास सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा.

गोठ्यात कॅमेरा लावायचाच असेल, तर नेटवर्कची वायर ओढून तिथे दुसरा राऊटर जोडावा. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते.