ब्लूबेलच्या रानात जेवायला जाताना

अगं, मुलांना घेऊन ब्लूबेल बघायला निघालीसच, तर मावशीचं थोडं ऐकून घे. मेच्या अखेरीस जाऊ म्हणशील तर हिरवी पानं तेवढी दिसतील. इंग्लंडच्या दक्षिणेला एप्रिलचा मध्य ते मेचा दुसरा आठवडा, एवढाच या फुलांचा काळ. वर बीच आणि ओकची पालवी दाटली की खाली ऊन उतरत नाही. हर्टफर्डशरमधलं डॉकी वूड गाठायचं असेल तर आडवारी, सकाळी लवकर जा.

सतरंजी फुलांत अंथरायची नाही, हे मात्र पाळच. पानं तुडवली गेली की जमिनीतल्या कंदाची उपासमार होते आणि तो ताटवा सावरायला वर्षानुवर्षं लागतात. फोटोसाठी आत शिरणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. वाटेवरूनच चालावं, रानाच्या कडेच्या गवतावर बसावं. रानातला कंद उपटणं तर १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय हे झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी, तेव्हा पोरांचे हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस.

जमीन कोरडी दिसली तरी ओल वर येतेच. सतरंजीखाली प्लास्टिक घाल. तिथे काहीही पेटवायचं नाही, वाळक्या पाल्याला ठिणगी पुरते. म्हणून सगळं घरून करून न्यायचं: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी. आणि आंबेडाळ हवीच! हे दिवस आपल्या चैत्र-वैशाखाचेच. वेम्बलीला, साउथॉलला कैरी मिळते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजव, निथळून भरड वाट, कैरी किसून घाल, फोडणी गार करून वर ओत. गरम फोडणीने डाळ लवकर चिकट होते. इथला अस्परॅगसही याच सुमाराला, २३ एप्रिलच्या आसपास, बाजारात येतो. तेलावर परतून मीठ-मिरपूड लाव, गारही छान लागतो. पन्हं ने, पण थर्मासात चहा आधी भर. झाडाखाली गारठा असतो.

त्याच रानात लसणाच्या वासाची रुंद पानं दिसतील. तो रानलसूण, चटणीला उत्तम. पण त्याच्यातच लॉर्ड्स-अँड-लेडीजची विषारी पानं उगवतात, आणि एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. ओळख पक्की नसेल तर खुडू नकोस.

गोचिडींचं विसरू नकोस. पायजमा मोज्यात खोच. घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यांमागची बाजू, केसांची मुळं बघ. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढ. तेल लावायचं नाही, चटका द्यायचा नाही. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला, तर जीपीकडे जा आणि रानात गेलो होतो हे आधी सांग.